पिन बसली म्हणजे मॉनिटरचा चार्जर जुळला असं नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. एलजीचा २२ इंची मॉनिटर. मृगाच्या पहिल्या पावसात रात्री विजा झाल्या, सकाळी मॉनिटरचा चार्जर मेलेला. त्यावरचं लेबल आधीच घासून गेलं होतं, पण मॉनिटरच्या पाठीवर '१९ व्होल्ट, १.३ अँपिअर' स्पष्ट वाचता येतं. तालुक्याच्या दुकानदाराने सॅमसंगच्या मॉनिटरचा चार्जर हातात दिला, १४ व्होल्ट, २.१४ अँपिअरचा. म्हणाला, "पिन बसून रायली ना ताई, मंग चालते. अन् हा तर तुमच्याहून जास्त वॅटचा आहे." घरात भावाच्या लॅपटॉपचा १९.५ व्होल्टचा चार्जर आहे, आणि सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा. केंद्रावर लोक थांबलेत, यातला कोणता लावू?

सॅमसंगचा लावू नका. सेट-टॉप बॉक्सचाही नको. लॅपटॉपचा चार्जर विजेच्या हिशेबाने चालण्यासारखा आहे, पण त्याची पिन बहुतेक बसणार नाही, आणि ती बसवायची कशी हे खाली सांगतो. सरळ मार्ग हाच की १९ व्होल्टचा, १.३ अँपिअर किंवा त्याहून जास्तीचा, तुमच्या मॉनिटरच्या पिनचा चार्जर आणायचा.

आता दुकानदाराचं म्हणणं घेऊ, कारण ते वरवर अगदी खरं वाटतं. एलजी आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांच्या पुष्कळ मॉनिटरांना एकसारखीच पिन असते: बाहेरचा व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर, आतला ४.४, आणि मधोमध सुईसारखी बारीक दांडी. पिन खरोखरच बसते, सैलसुद्धा होत नाही. पण एलजीचे बाहेरच्या चार्जरवर चालणारे मॉनिटर साधारण १९ व्होल्टचे, तर सॅमसंगचे १४ व्होल्टचे. पिन ठरवणाऱ्याने व्होल्टेजचा काहीही विचार केलेला नाही. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या चुकीच्या जोड्यांमध्ये ही जोडी मी सगळ्यात जास्त पाहिली आहे.

वॅटचा मुद्दा त्याहून फसवा. १४ गुणिले २.१४ म्हणजे साधारण ३० वॅट. तुमच्या मॉनिटरचे १९ गुणिले १.३, म्हणजे २५ वॅटच्या आत. कागदावर ३० हे २५ पेक्षा मोठे, मग हरकत काय? हरकत ही की वॅटची तुलना व्होल्टेज सारखं असेल तेव्हाच कामाची. मॉनिटरच्या आतलं सर्किट १९ व्होल्ट येतील असं धरून बांधलेलं असतं. पडद्यामागच्या एलईडी पट्ट्या पेटवायला आतला बोर्ड आलेलं व्होल्टेज आणखी चढवतो. १४ च आले तर तेवढीच ताकद काढायला त्याला करंट जास्त ओढावा लागतो. मग होतं असं की मॉनिटर चालू होतो, लोगो दिसतो, दोन सेकंदांत पडदा काळा. किंवा ब्राइटनेस कमी असेपर्यंत चालतो आणि सातबाऱ्याचं पांढरं पान उघडलं की बंद पडतो. काही मॉनिटर महिनाभर निभावतात, आणि मग "चालत होता की" असं ऐकायला मिळतं.

उलट बाजू जास्त वाईट. १९ व्होल्टचा चार्जर १४ व्होल्टच्या किंवा १२ व्होल्टच्या मॉनिटरला लावला तर थेट बोर्डावर घाव. १२ व्होल्टच्या बोर्डांवर आत येणाऱ्या वाटेवर बहुधा १६ व्होल्ट क्षमतेचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) असतात. त्यांना १९ मिळाले की ते फुगतात, कधी फटकन फुटतात, सोबत रेग्युलेटरही नेतात. काही शे रुपयांचा चार्जर वाचवायला गेलेला माणूस मग नवा मॉनिटर घेतो. म्हणून केंद्रावर दोन कंपन्यांचे मॉनिटर असतील तर प्रत्येक चार्जरच्या वायरीवर पिनजवळ पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर व्होल्टेज लिहा. झाडलोट करणाऱ्या पोराने पिना अदलाबदल केल्या तरी वाचाल.

अँपिअरचं गणित मात्र वेगळं आहे आणि त्यातच लोक उगाच घाबरतात. लेबलावरचा अँपिअरचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ती मर्यादा. तो तेवढा करंट मॉनिटरमध्ये ढकलत नाही, मॉनिटर लागेल तेवढाच ओढतो. विहिरीला पाणी भरपूर आहे म्हणून बादलीत जास्त मावत नाही. त्यामुळे १९ व्होल्ट आणि २.१ अँपिअरचा चार्जर तुमच्या १.३ च्या मॉनिटरला बिनधास्त लावा. मी तर मुद्दाम थोडा मोठाच घ्यायला सांगतो, कारण मर्यादेच्या आत चालणारा चार्जर कमी तापतो. कमी अँपिअरचा, समजा १९ व्होल्ट ०.८४ चा, कुठून मिळाला तर? चुकीच्या व्होल्टेजपेक्षा हा लहान गुन्हा. ब्राइटनेस निम्म्यावर आणून एखादा दिवस निघतो. पण मे महिन्यात, पत्र्याखाली, दिवसभर फॉर्म भरायचे असतील तर तोही नको.

लेबल वाचताना कोणतं वाचायचं? मॉनिटरच्या पाठीवरचं. जुन्या चार्जरचं लेबल दुसऱ्या क्रमांकावर, कारण तो चार्जर मूळचाच होता की मधेच कोणी बदलून दिला होता हे जुना मॉनिटर घेतला असेल तर सांगता येत नाही. मॉनिटरच्या स्टिकरवर व्होल्टेजपुढे एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ अशी खूण असेल तर त्याला डीसी, म्हणजे बाहेरचा चार्जर लागतो. नागमोडी रेघ आणि १००-२४० असं लिहिलेलं असेल तर पॉवर सप्लाय मॉनिटरच्या आतच आहे, त्याला साधी जाड वायर लागते आणि हा सगळा विषयच लागू होत नाही. चार्जरवर दोन ओळी असतात, इनपुट आणि आउटपुट. इनपुटच्या ओळीतला १ किंवा १.५ अँपिअर वाचून चार्जर घेणारे लोक मी पाहिलेत. आपल्याला आउटपुटची ओळ हवी. स्टिकर फाटलं असेल तर मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर त्या मॉनिटरची माहिती पाहा, पॉवरच्या रकान्यात आकडे मिळतात. मॉडेल क्रमांक बहुधा बटणांच्या मेनूमध्येही असतो, पण मॉनिटर बंद असताना त्याचा उपयोग नाही, हे उघड आहे.

ध्रुवाची खूण विसरू नका. मधे टिंब, भोवती उघडं वर्तुळ, एकीकडे अधिक आणि एकीकडे वजा. टिंबाकडे अधिक जात असेल तर मधला भाग पॉझिटिव्ह. मॉनिटरांमध्ये जवळजवळ सगळीकडे असंच असतं, तरी मॉनिटर आणि चार्जर दोन्हींवरची खूण एकमेकांशी ताडून घ्या. उलटा लागला तर काही बोर्डांवरचा फ्यूज किंवा डायोड स्वतः जळून बाकीचं वाचवतो. सगळ्यांवर तो असतोच असं नाही.

आता पिन, शेवटी. बारीक सुई असलेली सगळ्यात फसवी. एलजी-सॅमसंगच्या पिनेत मधली सुई म्हणजे पॉझिटिव्ह. डेल आणि एचपीच्या लॅपटॉपच्या पिनेतही मधे सुई असते, पण ती वीज पुरवत नाही. चार्जर किती वॅटचा, कुणाचा, हे लॅपटॉपला ओळखायला ती असते. तिथे पॉझिटिव्ह नळीच्या आतल्या बाजूला असतो. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून 'सुईवाली पिन द्या' एवढं सांगून चार्जर मागू नका. एसर आणि एओसीच्या मॉनिटरांना बहुधा सुई नसलेली, साधी भोकाची पिन येते, बाहेरून ५.५ मिलिमीटर. तिच्यात आतलं भोक २.१ आणि २.५ असे दोन प्रकार. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटात आरामात जाते आणि सैल राहते. टेबल हललं की मॉनिटर लुकलुकतो, आत बारीक ठिणगी पडते, काही महिन्यांत सॉकेट काळं. हे झालं की लोक चार्जरला दोष देतात.

तुमच्याकडच्या लॅपटॉपच्या चार्जरकडे येऊ. १९ च्या जागी १९.५ म्हणजे अडीच टक्क्यांचा फरक, तो चालतो. असे सप्लाय साधारण पाच टक्के वर-खाली धरूनच बनवतात, म्हणजे १९ साठी १८ च्या थोडं वर ते २० च्या थोडं खाली. लेनोवोचे बरेच चार्जर २० व्होल्टचे, ते त्या रेषेच्या पलीकडे जातात. मी लावत नाही. एचपीचे जुने १८.५ चे चालतात. अँपिअर तर लॅपटॉपच्या चार्जरला भरपूर असतात, ६५ वॅटच्या चार्जरला ३.३३. सोनीच्या जुन्या वायो लॅपटॉपचा १९.५ व्होल्टचा चार्जर घरात पडला असेल तर त्याची पिनसुद्धा एलजीसारखी ६.५-४.४ चीच आहे, तो तसाच लागतो.

बाकीच्यांना कन्व्हर्टर पिन मिळते, एका टोकाला ५.५ चं सॉकेट आणि दुसऱ्याला ६.५ ची सुईवाली पिन. डेल-एचपीच्या सुईसाठीही कन्व्हर्टर येतात. दुसरा उपाय म्हणजे मेलेल्या चार्जरची वायर पिनपासून वीतभर अंतरावर कापायची आणि चांगल्या चार्जरच्या वायरीला जोडायची. हे काम वाईट नाही, फक्त नीट केलं पाहिजे. बऱ्याच वायरींमध्ये मधे एक वायर आणि तिच्याभोवती उघडी जाळी असते. जाळी बहुधा निगेटिव्ह, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. रंगावर तर अजिबात जाऊ नका. कापलेल्या दोन्ही तुकड्यांत कोणती वायर पिनच्या कोणत्या भागाला जाते, याची मल्टिमीटर बीपवर ठेवून खात्री करा. डाग कथलाचा द्या, आधी स्लीव्ह, म्हणजे जोड झाकणारी नळी, चढवायला विसरू नका, दोन जोड एकमेकांसमोर येऊ देऊ नका. नुसता पीळ देऊन काळी चिकटपट्टी गुंडाळलेले जोड उन्हाळ्यात डिंक वितळून सुटतात आणि एकमेकांना टेकतात. आणि भावाचा चार्जर कापण्याआधी भावाला विचारा!

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट तपासायला हवी होती, ती मी मुद्दाम इथे घेतो, कारण ती नव्या चार्जरचे पैसे वाचवते. विजा झाल्यानंतर फक्त चार्जरच मेला कशावरून? चार्जरला दिवा असेल तर त्याची पिन मॉनिटरमधून काढा आणि चार्जर भिंतीवरच्या बोर्डात लावा. दिवा नीट पेटतो आणि पिन मॉनिटरमध्ये खुपसल्याबरोबर विझतो किंवा लुकलुकायला लागतो, तर मॉनिटरच आत शॉर्ट आहे. त्याला दहा चार्जर आणले तरी उपयोग नाही. दिवा मुळात पेटतच नसेल तर आधी बोर्डातला पॉइंट मोबाइलच्या चार्जरने तपासा, मगच मॉनिटरच्या चार्जरवर आरोप. दिवा नसेल तर मल्टिमीटर लावा, डीसीवर. २० व्होल्टच्या रेंजवर साधा मीटर १९.९९ च्या पुढे नुसता १ दाखवतो, तेव्हा २०० च्या रेंजवर घ्या. पण नुसतं १९ दिसलं म्हणजे चार्जर शाबूत असं होत नाही. कपॅसिटर सुकलेला चार्जर मोकळा असताना १९ दाखवतो आणि लोड आला की कोसळतो. यावर माझी गावठी युक्ती अशी: मोटरसायकलच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, १० वॅटचे दोन बल्ब एकामागोमाग जोडून चार्जरवर लावायचे. साधारण पाऊण अँपिअर ओढतात. पाच मिनिटं ते एकसारखे जळले आणि मीटर १८.५ च्या खाली गेला नाही, तर चार्जर लोड घेतो. गार बल्ब पहिल्या क्षणी जास्त ओढतात, त्यामुळे एखादा चार्जर सुरुवातीला अडखळतो, तेवढं सोडून द्या.

मेलेला चार्जर उघडून पाहायचा मोह आवरा. २३० व्होल्ट आत गेले की मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे डीसी साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात.

विकत घेताना दुकानदाराला मॉनिटरच्या स्टिकरचा फोटो दाखवा, आणि दुसरा फोटो पट्टी शेजारी धरून सॉकेटचा. यवतमाळला नाही मिळाला तर अमरावती, नाहीतर नागपूरला सीताबर्डीत मिळतोच. चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि तिच्यासोबत 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. संगणकाच्या चार्जरला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर, कोणत्या वस्तूची, ते दिसतं. क्रमांक एलईडी बल्बच्या कंपनीचा निघाला तर चार्जर परत द्या. हातात अगदी हलका लागणारा, 'ओरिजिनल' असं मोठ्या अक्षरांत छापलेला चार्जर मी घेत नाही. व्होल्टेज बदलायची सरकती कळ असलेले 'युनिव्हर्सल' चार्जरही केंद्रावर नकोत, कारण ती कळ कधी १९ वरून २४ वर सरकली हे कुणालाच कळत नाही. घेतलाच असेल तर १९ वर ठेवून कळीवर चिकटपट्टी लावा.

आता आपल्याकडची लाइन. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी हरभऱ्याच्या ओलिताला मोटारी लागल्या आणि गावात व्होल्टेज १७० वर आलं, तरी मॉनिटर चालतो. त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर घ्यायची गरज नाही. चार्जर मरतो तो जास्त व्होल्टेजने. डीपीवर न्यूट्रल सुटली की घरातल्या २३० च्या पॉइंटला ४०० च्या आसपास येऊ शकतात, आणि आतला तो कपॅसिटर साधारण ४०० डीसीचाच असतो, आणि २३० लाच त्याच्यावर सव्वातीनशे असतात. उरतं काय? म्हणून बल्ब अचानक पांढरेफटक जळायला लागले की मेन स्विच पाडा, मग बाकीचं. लाइन गेली की प्लग काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. विजांच्या वेळी बटण बंद करून भागत नाही. बटण एकच वायर तोडतं, आणि गावच्या वायरिंगमध्ये ती फेजच असेल याची खात्री नसते. प्लग हातानेच बाहेर काढायचा, इंटरनेटच्या वायरीसकट, आणि ढग डोक्यावर यायच्या आधी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं दामिनी ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते मोबाइलवर असू द्या.

मॉनिटरच्या मागच्या पत्र्याला किंवा केबलच्या टोकाला हात लावल्यावर मुंग्या येतात अशी तक्रार नवा चार्जर लावल्यावर पुष्कळ जण करतात. चार्जर तीन पिनांचा असेल आणि बोर्डाला अर्थिंग नसेल तर आतल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून थोडा करंट बाहेरच्या धातूवर येतो. चार्जर खराब नाही, अर्थिंग खराब आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगची पट्टी कोरडी पडते. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून आठवड्याला बादलीभर पाणी टाकलं की फरक पडतो. मुंग्यांऐवजी झटका बसत असेल तर मात्र वापर थांबवून वायरमन बोलवा.

चार्जर ठेवायचा कुठे, हेही. बहुतेक चार्जर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ होतात. आतले कपॅसिटर दर १० अंशांमागे साधारण निम्मं आयुष्य गमावतात. मॉनिटरच्या मागे फायलींच्या गठ्ठ्यात दडपलेला चार्जर म्हणूनच दोन उन्हाळ्यांत जातो. भिंतीला खिळ्यावर मोकळा टांगा, कूलरच्या ओल्या वाऱ्यासमोर नको, आणि जमिनीवर नको म्हणजे उंदीर वायर कुरतडणार नाहीत.

लाइन गेल्यावर काम थांबू नये म्हणून मॉनिटर थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवर घ्यावा का, असंही काही केंद्रवाले विचारतात. तुमचा १९ व्होल्टचा आहे, तेव्हा तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर सरळ चालणार नाही. ज्यांचा मॉनिटर १२ व्होल्टचा आहे त्यांनीही थेट जोडू नये, कारण तीच बॅटरी उतरल्यावर साडेदहा आणि चार्ज होताना १४.४ पर्यंत जाते. मधे पक्कं १२ व्होल्ट देणारा डीसी कन्व्हर्टर आणि बॅटरीजवळ पॉझिटिव्ह वायरीत ३ अँपिअरचा फ्यूज हवा. तुम्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवरच हा नवा चार्जर लावा. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तो थोडा गुणगुणेल, तेवढं चालतं. पहिल्या दिवशी तासाभराने त्यावर तळहात ठेवून पाहा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच काढा आणि बिल घेऊन दुकानात जा.